गावच्या पाणी योजनेचं शासकीय अनुदान: पहिल्या ठरावापासून लेखापरीक्षणापर्यंत

टाकी उभी आहे, पाइपलाइन गाडली आहे, नळाला पाणीही येतंय. तरीही लेखापरीक्षणात सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावावर वसुली निघते. हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तालुक्यात घडतं, आणि बहुतेक वेळा त्यात कुणी पैसे खाल्लेले नसतात. चुकलेला असतो क्रम. काम आधी आणि मान्यता नंतर. चर बुजवल्यावर मोजमाप. ठरावात एका विहिरीचा गट क्रमांक, देयकात दुसऱ्याच बोअरचा. लेखापरीक्षक टाकी बघायला क्वचित येतो, तो तारखा बघतो.

हा लेख महाराष्ट्रातल्या सरपंच, सदस्य, ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आणि पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांसाठी आहे. वित्त आयोग किंवा तत्सम निधीतून पंचायत स्वतः जी कामं करते, म्हणजे पाइपलाइन वाढवणं, टाकी, पंप, विहिरीची दुरुस्ती, स्रोत बळकटीकरण, ती समोर धरली आहेत. जलजीवन मिशनमध्ये निविदा आणि देयकं बहुधा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाहतं. तिथे तुमच्याकडे पायरी १ ते ४, ६ आणि ९ येतात, पण त्या नीट केल्या नाहीत तर पुढचा सगळा त्रास गावालाच होतो.

सुरुवातीलाच: तारखांचा तक्ता

प्रत्येक कामाची फाइल वेगळी उघडा. आतल्या पहिल्या पानावर एक तक्ता चिकटवा: ग्रामसभा ठराव, आराखड्यात समावेश, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा प्रसिद्धी, निविदा उघडणे, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक, पूर्णत्वाचा दाखला. प्रत्येकापुढे क्रमांक आणि तारीख. कागद आला की त्याच दिवशी तारीख भरा. वरची तारीख नेहमी खालच्या तारखेच्या आधीची किंवा त्याच दिवशीची हवी. कुठेही उलटी दिसली तर तिथेच थांबा. ती दुरुस्त करायला मागची तारीख टाकून कागद तयार करू नका; आवक-जावक नोंदवही ते उघडं पाडतेच.

पायरी १: पैसा कुठल्या खात्यातला, ते आधी ठरवा

अनुदान जमा झालं म्हणजे ते पाण्यावर कसंही खर्च करता येतं, असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात पंचायतींच्या अनुदानाचे दोन भाग होते: ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधितापैकी निम्मा भाग पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीचा दर्जा टिकवण्यासाठी. अबंधित रक्कम स्थानिक गरजेसाठी वापरता येत होती, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. मुद्दा असा, की हप्ता ज्या आयोगाचा आणि ज्या वर्षाचा, त्याच्याच मार्गदर्शक सूचना फाइलला लावायच्या. मागच्या कामाच्या फाइलवरून शासन निर्णयाचा क्रमांक उतरवून घेण्याची सवय महागात पडते.

दुसरी गोष्ट, दुबार काम. एखाद्या वस्तीची वितरणवाहिनी जलजीवनच्या अंदाजपत्रकात असेल आणि तीच तुम्ही वित्त आयोगातून घेतली, तर दोन्हीपैकी एक खर्च आक्षेपात जाणार हे नक्की. काम निवडण्याआधी ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागातून मंजूर जलजीवन अंदाजपत्रकाची प्रत आणि नकाशा घ्या आणि गल्लीवार खुणा करा. एकाच कामाला दोन निधी लावायचेच असतील तर बाबी वेगळ्या करा. उदाहरणार्थ टाकी एका निधीतून, पंपघर दुसऱ्या. एकाच टाकीचा पाया एका निधीतून आणि घुमट दुसऱ्यातून, असं करू नका.

लोकवर्गणीचाही हिशेब इथेच करा. जलजीवनमध्ये गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या ५० टक्क्यांहून अधिक असलेल्या गावांत ५ टक्के. ती रोख, वस्तू किंवा श्रमदानाच्या रूपात देता येते. श्रमदान धरणार असाल तर हजेरीपट आणि अभियंत्याचं मूल्यांकन हवं. “गावाने श्रमदान केले” एवढ्या एका ओळीला किंमत नाही.

तपासा: निधीचं नाव, हप्ता, वर्ष आणि शासन निर्णयाचा क्रमांक फाइलच्या मुखपृष्ठावर आहे का?

पायरी २: पाणी आहे, हे कागदावर सिद्ध करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. गावं टाकीवर जितका वाद घालतात त्याच्या निम्माही विचार विहिरीवर करत नाहीत, आणि मग मे महिन्यात नवीकोरी टाकी रिकामी आणि गावात टँकर.

आधी मागणी काढा. जलजीवनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. २,४०० लोकवस्तीच्या गावाला आज १,३२,००० लिटर लागतं. पुढे लोकसंख्या ३,००० होईल असं धरलं तर १,६५,००० लिटर. त्यात गळती आणि नासाडीचे १५ टक्के मिळवा, म्हणजे साधारण १,९०,००० लिटर रोज. पंप आठ तास चालणार असेल तर ताशी सुमारे २४,००० लिटर ओढावं लागेल. आता प्रश्न एकच: तुमची विहीर एप्रिल-मे महिन्यांत सलग आठ तास हे देते का? चार तासांत तळ दिसत असेल, तर तुमच्याकडे निम्म्या गावाचं पाणी आहे. टाकी कितीही मोठी बांधली तरी त्यात फरक पडत नाही.

म्हणून क्षमता चाचणी उन्हाळ्यातच घ्या. पावसाळ्यानंतर घेतलेली चाचणी दाखवून काम पुढे रेटणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून स्रोताचं प्रमाणपत्र घ्या. चाचणीच्या दिवशी समितीचे दोघे तरी विहिरीवर हजर राहा आणि पंप सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, पाण्याची पातळी आणि पुन्हा भरायला लागलेला वेळ वहीत लिहा.

पाण्याचा दर्जाही आताच तपासा, योजना झाल्यावर नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, पर्याय नसेल तर २,००० पर्यंत. फ्लोराइडवाल्या बोअरवर सात-आठ लाखांची योजना उभारून नंतर शुद्धीकरणाचं यंत्र मागत फिरणाऱ्या पंचायती आहेत.

आसपासच्या विहिरी बघा. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजल कायद्याचं बंधन आहे. स्रोत अधिकृतपणे नोंदलेला नसेल तर शेजारच्या शेतकऱ्याला अडवणार कशाच्या आधारावर? ते काम आधी करा.

इशारा: स्रोत बदलला तर ठराव, अंदाजपत्रक आणि मान्यता, तिन्ही बदलतात. “बोअरला पाणी लागलं नाही म्हणून शेजारच्या गटात घेतलं” हे मोजमाप पुस्तिकेत लिहून भागत नाही. सुधारित मान्यता लागते.

पायरी ३: जागा, रस्ता, जंगल, वीज

विहीर, पंपघर आणि टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या नावावर हवी. इथे ठरलेली चूक म्हणजे शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर घेतलेलं संमतिपत्र. देणारा माणूस चांगला असतो, शब्दाचा पक्का असतो. पण तो गेल्यावर मुलं वाटणी मागतात आणि टाकीला कुलूप लागतं. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी जात नाही. नोंदणी करा, फेरफार करून घ्या आणि सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लागल्यावर त्याची प्रत फाइलला लावा. जमीन सामाईक असेल तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या, बहिणींच्यासुद्धा.

पाइपलाइन रस्ता ओलांडत असेल तर तो रस्ता कोणाचा ते बघा: सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की राष्ट्रीय महामार्ग. परवानगीला वेळ लागतो, आणि रस्ता खोदून पूर्ववत करण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो.

वनजमीन मध्ये येत असेल तर लगेच हात टेकू नका. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याचा पुरवठा आणि जलवाहिन्या यांचा समावेश आहे. प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, तोड हेक्टरी ७५ झाडांपेक्षा जास्त नाही आणि ग्रामसभेची शिफारस, या अटींवर जमीन वळती करता येते. शिफारशीचा ठराव स्वतंत्र घ्या.

विजेचं बघताना जोडणी कुठल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) मिळणार हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारा. शेतीपंपांच्या फीडरवर जोडणी मिळाली तर वीज पाळीने येणार, कधी मध्यरात्री. गावठाण फीडर लांब असेल तर खांब आणि तारेचा खर्च आत्ताच धरा. जुन्या पाणीपुरवठ्याच्या मीटरची थकबाकीही बघून ठेवा, नव्या अर्जाच्या वेळी ती समोर येतेच.

पायरी ४: ग्रामसभा आणि आराखडा

स्रोत आणि जागेचे कागद हातात घेऊन ग्रामसभेत जा. ठराव आधी आणि जागेचा शोध नंतर, या क्रमानेच अर्ध्या योजना अडकतात.

काम “आमचं गाव आमचा विकास” आराखड्यात हवं आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढलेलं हवं. आराखड्यात नसलेल्या कामाचं देयक पोर्टलवर पुढे जात नाही, आणि मग लोक जवळपासच्या नावाच्या दुसऱ्याच कामावर खर्च टाकतात. हा आक्षेप अंगाशी आलाच म्हणून समजा.

गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. नोटीस किमान सात दिवस आधी द्या आणि दवंडी दिल्याची नोंद ठेवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्या. पाणी भरणाऱ्या बायकांना कुठली गल्ली कोरडी राहते ते अभियंत्यापेक्षा नेमकं माहीत असतं.

ठरावाची भाषा मोघम नको. “गावात पाण्याची सोय करण्यात यावी” हा ठराव नव्हे. असा लिहा:

“मौजे ___ येथील गट क्र. ___ मधील सार्वजनिक विहिरीपासून गावठाणातील जिल्हा परिषद शाळेजवळील नियोजित टाकीपर्यंत उद्धरण वाहिनी टाकणे व ___ वस्तीमध्ये वितरण वाहिनी करणे, हे काम सन ___ च्या आराखड्यात ___ निधीच्या बंधित भागातून घेण्यास मान्यता. सदर काम अन्य कोणत्याही योजनेत मंजूर नाही. देखभाल-दुरुस्ती ग्रामपंचायत पाणीपट्टीतून करील.”

सूचक, अनुमोदक, हजेरी आणि त्याच दिवशी सह्या. इतिवृत्तात मोकळी जागा सोडून नंतर ठराव घुसवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती सोडा.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती अस्तित्वात आहे का, तेही या वेळी तपासा. जलजीवनच्या सूचनांप्रमाणे निम्म्या सदस्य महिला हव्यात. समिती कागदावर जुनी असेल, सदस्य मयत किंवा बाहेरगावी असतील, तर याच सभेत पुनर्रचना करा.

पायरी ५: अंदाजपत्रक, मान्यता, निविदा

अंदाजपत्रक शाखा अभियंता करतो, पण त्याच्याबरोबर गावातून फिरायचं तुम्हीच. व्हॉल्व्हची ठिकाणं, चढ-उतार, खडक कुठे लागतो हे त्याला दाखवा. या बाबी हटकून सुटतात: वीजजोडणीची अनामत, क्लोरीन मात्रा देणारं यंत्र, मुख्य मीटर, रस्ता पूर्ववत करणं, टाकीभोवतीचं कुंपण, स्रोताजवळचं पुनर्भरण. नंतर हे सगळं वाढीव बाबींमध्ये येतं, आणि वाढीव खर्चाची मान्यता मिळवणं नव्या कामापेक्षा अवघड.

तांत्रिक मान्यता सक्षम अभियंत्याची, प्रशासकीय मान्यता सक्षम प्राधिकाऱ्याची. दोन्ही कार्यारंभ आदेशाआधी हव्यात. दोन्हींतली रक्कम, कामाचं नाव आणि गट क्रमांक अक्षरशः सारखे आहेत का, शेजारी शेजारी ठेवून वाचा.

ई-निविदेची आर्थिक मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत आली आहे; चालू मर्यादा पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. मर्यादेखाली बसवण्यासाठी एका पाइपलाइनचे “भाग १” आणि “भाग २” करू नका. कामाचे तुकडे पाडले, हा लेखापरीक्षणातला सर्वांत सोपा आक्षेप, कारण तो नावावरूनच दिसतो.

आणखी एक, ज्यावर गावात कोणी बोलत नाही. सदस्याचा, सरपंचाचा किंवा त्यांच्या भागीदाराचा पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली पद जाऊ शकतं. सदस्याचा जेसीबी भाड्याने घेणं त्यातच येतं. स्वस्त पडतो म्हणून घेतला, हे उत्तर सुनावणीत टिकत नाही.

तपासा: करारनाम्यात मुदत, दंड, सुरक्षा ठेवीची टक्केवारी आणि दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा काळ) लिहिलेला आहे का? मुद्रांक शुल्क भरलंय का?

पायरी ६: काम चालू असताना

कार्यारंभ आदेश हातात पडेपर्यंत कुदळही लावू नका. “पाऊस येतोय, सुरू करू, ऑर्डर नंतर देऊ” या वाक्याने पुष्कळ फायली बिघडल्या आहेत.

पाइप गावात उतरला की त्यावरचा छाप वाचा. एचडीपीई (लवचीक प्लास्टिक) असेल तर आयएस ४९८४, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असेल तर आयएस ४९८५, डीआय (डक्टाइल आयर्न, लोखंडी) असेल तर आयएस ८३२९. सोबत व्यास, दाबवर्ग (पाइप किती दाब सोसतो ती श्रेणी) आणि उत्पादनाचा तपशील असतो. अंदाजपत्रकातल्या दाबवर्गाशी जुळवा, छापाचा जवळून फोटो काढा आणि चलनाची प्रत घ्या. कमी दाबवर्गाचा पाइप बाहेरून सारखाच दिसतो. फरक कळतो तो पहिल्या उन्हाळ्यात सांधे सुटायला लागले की.

चराची खोली टेप लावून बघा. पाइपच्या माथ्यावर साधारण ९० सेंटिमीटर माती असावी असं अंदाजपत्रकात असतं, आणि प्रत्यक्षात फूटभर खणून पाइप झाकला जातो. मग नांगर लागतो, बैलगाडी जाते, ट्रॅक्टर वळतो. दर शंभर मीटरला चरात टेप उभा धरून फोटो काढा, त्यात मागे ओळखता येण्यासारखं काहीतरी येऊ द्या: मंदिर, शाळेची भिंत, विजेचा खांब. नुसत्या मातीच्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो.

इशारा: दाब चाचणी झाल्याशिवाय चर पूर्ण बुजवू देऊ नका. सांधे उघडे ठेवून पाणी दाबाखाली भरायचं, गळती बघायची, मगच माती.

पायरी ७: मोजमाप पुस्तिका

देयक किती द्यायचं ते मोजमाप पुस्तिका ठरवते, ठेकेदाराचं बिल नाही. गाडलं जाणारं काम गाडण्याआधी मोजायचं, हा एकच नियम पाळला तरी निम्मे आक्षेप जातात.

एक उदाहरण. ३१० मीटर लांब, ०.४५ मीटर रुंद, ०.९० मीटर खोल चर: १२५.५५ घनमीटर. तोच चर प्रत्यक्षात ०.४५ मीटर खोल असेल तर ६२.७८ घनमीटर. म्हणजे खोदाईचं देयक बरोबर दुप्पट. बुजवलेल्या चरावर उभं राहून हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून पुस्तिकेत जे लिहिलं तेच खरं ठरतं आणि सहीही तुमचीच असते. मातीचा प्रकारही बघा. मऊ माती, मुरूम, कठीण खडक यांचे दर वेगवेगळे. पूर्ण लांबीत कठीण खडक लिहिला असेल तर फोटो मागा. काळ्या रानात तो कुठून आला, हा प्रश्न सरळ विचारा.

मोजमापाच्या दिवशी समितीचा एक सदस्य सोबत असावा. खाडाखोड झाली तर ती सहीनिशी; पांढरी शाई कधीच नाही. उपअभियंत्याची तपासणी मोजमापाची सही देयकाआधीची आहे का, ते पाहा.

पायरी ८: देयक आणि कपाती

इथे ग्रामसेवक घाई करतात आणि पंचायत दंड भरते. चार लाखांच्या कामाचं देयक घेऊन बघू, ठेकेदार एकटा मालक, जीएसटी १८ टक्के, करारात सुरक्षा ठेव ५ टक्के.

कामाची किंमत ४,००,००० रुपये. जीएसटी ७२,०००. एकूण ४,७२,०००.

कपाती अशा: आयकर १ टक्का, ४,००० (ठेकेदार कंपनी किंवा भागीदारी संस्था असती तर २ टक्के, ८,०००). जीएसटीची उद्गम कपात (देयकातूनच कापून सरकारला भरायचा कर) २ टक्के, ८,०००. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, ४,०००. सुरक्षा ठेव २०,०००. एकूण कपात ३६,०००. ठेकेदाराच्या खात्यात ४,३६,०००. गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम, खडी) रॉयल्टीच्या पावत्या दिल्या नसतील तर तीही कापायची.

बिलावर जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर आयकर आणि जीएसटीची कपात मूळ रकमेवर होते, एकूण रकमेवर नाही. आणि जीएसटीच्या कपातीसाठी अडीच लाखांची मर्यादा कराराच्या किमतीची आहे, एका बिलाची नाही. चार लाखांच्या कामाची एक-एक लाखाची चार बिलं केली तरी प्रत्येकातून कपात करावी लागते. हे पुष्कळ जणांना पटत नाही, पण नोटीस आली की पटतं.

कापलेला पैसा पंचायतीचा नाही. आयकर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत), जीएसटीची कपात विवरणपत्रासह १० तारखेपर्यंत भरायची. त्यासाठी पंचायतीचा टॅन (कर कपातीचा खाते क्रमांक) आणि जीएसटी कपातीची नोंदणी आधीच काढून ठेवा. सुरक्षा ठेव नमुना १७ मध्ये (अनामत रकमांची नोंदवही) ठेकेदाराच्या नावाने नोंदवा. ती पडून आहे म्हणून मोटार दुरुस्तीला वापरायची नाही.

पैसे देताना पीएफएमएसवर (केंद्र सरकारची ऑनलाइन निधी प्रणाली) थेट ठेकेदाराच्या खात्यात. कुणाच्या वैयक्तिक खात्यातून नाही, रोखीने नाही. डिजिटल सही ज्याची त्यानेच वापरायची. सरपंचांची सही-किल्ली संगणक चालकाच्या टेबलाच्या खणात आणि पासवर्ड कागदावर, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की कुणाला त्यात धोका वाटेनासा झालाय. अपहार झाल्यावर सही कुणाची होती एवढंच विचारलं जातं.

तपासा: पीएफएमएसवरचा व्यवहार, बँक पासबुक आणि रोकडवही (नमुना ५), तिन्हींत तीच तारीख आणि तीच रक्कम आहे का? दर महिन्याला ताळमेळ घाला, मार्चअखेरीला एकदाच नको.

पायरी ९: चाचणी, ताबा, नोंद

टाकी पूर्ण भरून किमान एक दिवस तशीच ठेवा आणि पातळी किती उतरली ते बघा. मग शेवटच्या टोकाच्या, सगळ्यात उंचावरच्या घरी जाऊन पाणी बादलीत घ्या. तिथे दाब पुरत असेल तर बाकी गावात पुरतो. ओटी चाचणी (पाण्यातलं क्लोरीन पाहण्याची) त्याच नळावर करा. उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. विहिरीवर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तिथेच चाचणी घेतली तर ती नेहमी उत्तीर्ण होते.

त्यानंतरच पूर्णत्वाचा दाखला आणि ताबा. ताबा घेताना या गोष्टी मागून घ्या: पाइपलाइनचा प्रत्यक्ष नकाशा, व्हॉल्व्हची यादी, मोटारीचं हमीपत्र, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक. नंतर गळती शोधायला अख्खी गल्ली खणावी लागू नये म्हणून हा नकाशा. नवी मालमत्ता नमुना २२ मध्ये (स्थावर मालमत्तेची नोंदवही) चढवा आणि जिओटॅग केलेले आधीचे, चालू कामाचे आणि नंतरचे फोटो एकाच ठिकाणाहून, एकाच कोनातून असू द्या.

पायरी १०: उपयोगिता प्रमाणपत्र आणि आक्षेप

वरच्या उदाहरणात मंजूर निधी पाच लाख असेल तर उपयोगिता प्रमाणपत्रात (निधी कसा खर्च झाला याचा दाखला) खर्च किती लिहाल? दोन चुका होतात. एक, ठेकेदाराला गेलेले ४,३६,००० लिहिणं. कपाती हाही खर्चाचाच भाग आहे. दुसरी, पुढचा हप्ता अडू नये म्हणून सरळ ५,००,००० लिहिणं. बरोबर आकडा ४,७२,०००, आणि २८,००० अखर्चित. अनुदानावर खात्यात जमा झालेलं व्याज वेगळ्या ओळीत दाखवा, ते पंचायतीचं स्वउत्पन्न नव्हे. न झालेल्या कामाचं प्रमाणपत्र देणं हा चुकीचा हिशेब राहत नाही, ते खोटं प्रमाणपत्र ठरतं.

आक्षेप आलाच तर घाबरून उत्तर टाळू नका, तो पुढच्या वर्षी पुन्हा छापला जातो. परिच्छेद क्रमांक लिहून त्याखाली एका आक्षेपाला एकच उत्तर द्या, आणि उत्तराबरोबर कागद: मोजमापाचं पान, चलन, ठराव. “यापुढे दक्षता घेण्यात येईल” एवढ्यावर परिच्छेद वगळला जात नाही. वसुली सुचवली असेल आणि ती ठेकेदाराकडून येणं असेल, तर सुरक्षा ठेव परत करण्याआधी तिच्यातून वळती करा. ठेव परत गेल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही. दोषदायित्व कालावधी संपण्याच्या महिनाभर आधी टाकी, सांधे आणि व्हॉल्व्ह पुन्हा एकदा अभियंत्याकडून तपासून घ्या, दुरुस्त्या लेखी कळवा, आणि त्या झाल्याचा दाखला फाइलला लागल्यावरच ठेव परतीचा ठराव मासिक सभेपुढे ठेवा.